सात तोळ्यांचा बाण

बाण जड असावा की हलका, यावरून आमच्या करवंदे गावात महिनाभर भांडण चाललं होतं. गाव कल्याणपासून तीन कोसांवर, मलंगगडाच्या पायथ्याशी. मोठा दुष्काळ सरून पाचेक वर्षं झाली होती. मी तेव्हा गावचा लोहार, नाव विश्राम, वय तिशीचं. माझा भाता फुंकत असे तोवर निम्मं गाव भट्टीशी उकिडवं बसलेलं असे. त्यामुळे या गोष्टीतलं जे मी पाहिलं नाही, तेही मला पाहणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

गावच्या भाताची राखण काळुराम ठाकराच्या घराकडे. बापापासून चालत आलेली. डोंगरावर जंगलखात्यानं हद्दीचे दगड रोवले, कुऱ्हाड बंद झाली, शिकार बंद झाली. ठाकरांना खाली शेतात उरलं होतं ते एवढंच. बांधाच्या कडेला खोपटं, भातात उंच माळा आणि खळ्यावर राखणीपोटी मिळणाऱ्या भाताच्या टोपल्या. राखण गेली की खोपटंही जायचं, कारण बांध पाटलाचा.

त्या साली भात पोटरीत आलं आणि डुक्कर उतरलं. खोटं सांगत नाही, थोडं मोठं करून सांगतो. ते डुक्कर इतकं थोर होतं, की दोन माणसं त्याच्यावर बसून कल्याणच्या बाजाराला गेली असती आणि येताना मिठाची गोणीही आणली असती. झाडाला अंग घासून घासून आणि चिखलात लोळून लोळून त्यानं खांद्यावर ढाल जमवली होती. एका पहाटेत ते पाटलाच्या हळव्या भाताचं खाचर नांगरून गेलं.

काळुराम नेमाचा पक्का. सत्तर पावलांवरून ताडावरचं मडकं फोडायचा, खाली ताडी प्यायला लोक तोंड उघडून उभे. त्याचा बाण दोन तोळ्यांचा. बोरूची कांडी, नखाएवढं पातं आणि शेपटाला नीळकंठाची तीन निळी पिसं. ती त्याच्या घराची खूण. सुटला की दिसायचा नाही, नुसती निळी रेघ.

भादव्याच्या शेवटी त्यानं माळ्यावरून डुकराला तीन बाण मारले. तिन्ही लागले. तिन्ही ढालीत बोटभर रुतले आणि तिथंच राहिले. दुसऱ्या दिवशी उजाडताच डुक्कर गावाच्या पाणवठ्यावरून ऐटीत चालत गेलं. पाठीवर तीन निळे तुरे!

"अगं बाय, नवरदेव निघाला!" पाणी भरणाऱ्या बाया ओरडल्या. "काळूनं बाशिंग बांधलाय त्याला!"

काळुरामची बायको रंगूबाई तिथंच होती, डोक्यावर दोन हंडे घेऊन. तिनं हंडे उतरवले नाहीत. तशीच घरी गेली. पुढचे आठ दिवस पोरासोरांनी काळुराम दिसला की कानामागे निळी फुलं खोचून घुरघुरायला सुरुवात केली. माणूस वाळत चालला. भाकरी पुढे आली की म्हणायचा, "ढकल तिकडं."

दगडू पाटील माणूस वाईट नव्हता, पण भाताच्या बाबतीत आंधळा होता. त्यानं सगळ्यांना देवळापाशी बोलावलं. काळुराम खाली मातीत बसला.

"काळू, तुजा बाप चांगला होता," पाटील म्हणाला. "तू पन बरा हायस. पन यो डुक्कर तुजी पिसं लावून माजा भात खातंय. मी कल्यानवरून त्र्यंबकरावांना बोलावलाय. त्यांच्याकडं सरकारी परवान्याची बंदूक हाय. कापनीच्या आत डुक्कर ज्याच्या हातनं पडंल, राखन त्याच्या घराची. आपली रीतच ती हाय, नवा काय बोलत नाय मी."

रीत खरी होती. ज्याच्या घावानं जनावर पडेल त्याच्या घराची राखण. घाव ओळखायचा तो अंगात राहिलेल्या बाणाच्या पिसांवरून.

त्र्यंबकराव आले. पायात बूट, काखेत छत्री, मागं ठासणीची बंदूक वाहणारा गडी. आल्या आल्या त्यांनी काळुरामचा बाण दोन बोटांत धरला.

"ह्याने डुक्कर मारतोस? मी ह्याने कान कोरीन," ते म्हणाले. आणि खरंच कोरला. लोक हसले. मीही हसलो, आता लपवून काय करू.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर रंगूबाई आली. पदरात काहीतरी जड. तिनं ते ऐरणीवर टाकलं. आगगाडीच्या रुळाचा खिळा! हातभर नव्हता, पण वीतभर नक्की.

"कुठनं आणलास गं?"

"वाटेत पडला होता."

"वाट कुठली? आगगाडीची?"

"विश्रामभाऊ, पातं करशील का नाय तेवढं बोल. चार तोळ्याचा पायजे. निमुळता, दोन्ही अंगांनी धार."

"चार तोळ्यांचं? अगं, तो बाण आहे की पहार? उडेल का?"

ती खाली बसली. टोपल्या विणून विणून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. त्या बोटांनी तिनं भट्टीजवळची मूठभर राख उचलली.

"ही राख तुज्या तोंडावर मारली तर काय करशील?"

"डोळे मिटीन."

"आन खडा मारला तर?"

मी पातं करायला घेतलं. एका खिळ्यात दोन पाती निघाली. एक तिला दिलं, एक मी ठेवून घेतलं. लोहाराची सवय, उरलेलं लोखंड घरात राहतं.

आता पुढचं काम खोपट्यात चाललं. आमच्याकडच्या ठाकरांत बाईनं तिरकमठ्याला हात लावायचा नाही. लावला तर बाण आंधळा होतो म्हणतात. म्हणून कांडी काळुरामनंच केली. भरीव बांबू, विस्तवावर शेकून सरळ केलेला, करंगळीएवढा जाड. पुढं माझं पातं तातीनं आवळून लाखेनं बसवलं. मागं त्यानं आपली नीळकंठाची पिसं लावली आणि मला बोलावलं. वाण्याच्या तराजूत घातला तर सात तोळे!

केळीच्या खोडावर तीस पावलांवरून मारला. अरे देवा! बाण सुटला तो म्हाताऱ्या बैलासारखा, मधेच त्याचं शेपूट डावीकडं गेलं, मग उजवीकडं, आणि आडवा होऊन खोडावर काठी बडवावी तसा बडवला. खोड हसलं असतं तर मीही हसलो असतो.

"बोल्लू होतू ना!" काळुराम भडकला. "जड बान आमच्या घरात कदी चालला नाय!"

"बान जड नाय," रंगूबाई दारातूनच म्हणाली, "शेपूट हलका हाय. एवढा मोठा डोका आन चिमनीचा शेपूट. धरनार कसा वारा त्याला? गिधाडाची पिसं लाव. लांब."

"घराची खून सोडू?"

"खून डुकराच्या पाठीवर हाय. बगायची तर पानवठ्यावर जा."

यावर काळुराम पाय आपटत बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी कड्याखालून गिधाडाची पडलेली पिसं घेऊन आला. वीतवीतभर लांब. तीन लावली. मारला. बाण आता आडवा झाला नाही, पण जाताना अंग झटकत गेला, ताप आलेल्या माणसासारखा, आणि खोडात वाकडा घुसला. चार बोटं, बस.

रंगूबाई मातीत बसून उरलेली पिसं बघत होती. टोपलीसाठी बांबूच्या पट्ट्या निवडताना बघायची तशी. एकेक पीस गालावरून फिरवलं आणि दोन ढीग केले.

"यो डाव्या पंखाचा. यो उजव्या. बग, दोघांची वळनं उलटी. तू दोन डावी आन एक उजवं लावलायस. एक म्हनतो हिकडं फिर, दुसरा म्हनतो तिकडं. तिघांचा पंख एकच पायजे."

काळुरामनं सोडवून पुन्हा बांधायला घेतलं. पण पीस चिरून कण्याची पातळ पट्टी काढायची आणि कांडीवर तिळभर तिरपी बसवायची, हे काम धनुष्य ओढणाऱ्या हातांचं नव्हतं. दोनदा पीस फाटलं. तिसऱ्यांदा लाखेनं बोट भाजलं. त्यानं दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कांडी हळूच तिच्यापुढं सरकवली.

"कोनाला बोलायचा नाय," तो म्हणाला. "विश्राम, तू पन."

मी काय बोलणार? तिनं अर्ध्या घटकेत बांधली. तिन्ही उजव्या पंखाची, एकाच बाजूला कललेली, तातीचे वेढे इतके सारखे की मुंगी चढली असती तर घसरली असती. वर करंजाचं तेल पुसलं, दवानं पिसं चिकटू नयेत म्हणून.

काळुरामनं ओढला, सोडला. बाण भिंगरीसारखा गरगरत गेला, भुंग्यासारखा घूं आवाज करत, आणि केळीच्या खोडातून आरपार जाऊन मागच्या शेणाच्या ढिगात पिसांपर्यंत बुडाला. मी आनंदानं उडी मारली ती त्याच ढिगात पडलो. खरं आहे हे.

पण काळुरामचं तोंड उतरलेलं. तो पावलं मोजत होता.

"तीस पावलांवर हातभर खाली उतरतो," तो म्हणाला. "चाळीसावर जमिनीत. डुकराला मारायचा तर पंधरा पावलांवर जायला पायजे. जमिनीवरनं. माळ्यावरनं नाय."

आयुष्यभर तो लांबून मारणारा माणूस. सत्तर पावलांवरून शिकाऱ्याला भीती नसते, हात आपोआप स्थिर राहतो. पंधरा पावलांवर डुकराचा श्वास ऐकू येतो.

रंगूबाई बाणाचं पातं सहाणेवर घासत राहिली.

आश्विनात भात पिवळं झालं. कापणीला चार दिवस उरले. त्र्यंबकरावांनी आठ पहाटा माळ्यावर बसून काढल्या होत्या, पाटलाच्या घरचं तूप खाऊन. एक कोल्हा मारला होता आणि एक बुजगावणं.

त्या पहाटे पूर्वेला तांबडं फुटलं होतं. मी बांधावर होतो, कारण मला राहवलं नाही. धुक्यात भाताच्या लोंब्या दवानं वाकलेल्या. काळुराम रात्र सरताच येऊन खाचराच्या कोपऱ्यावर गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहिला होता. अंगाला डुकराच्याच लोळणीतला चिखल फासलेला, वारा तोंडावर घेऊन. नुसते दोन डोळे चमकत होते. पायाला जळवा लागल्या असतील, पण तो हलला नाही.

भात सळसळलं. डुक्कर निघालं. पाठीवरचे तुरे मोडून गेले होते, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. पंचवीस पावलं. वीस. मला वाटलं, मार ना रे बाबा! काळुराम थांबला. डुकरानं मान वर केली, फुसकन श्वास सोडला. सतरा. त्याच्या सुळ्यावरची लाळ मला दिसली. पंधरा. डुकराचा पुढचा पाय पुढं पडला, आणि पायामागची मऊ जागा उघडी झाली.

घूं!

आणि त्याच क्षणी माळ्यावरून धडाड! सगळं खाचर धुरानं भरलं. डुक्कर किंचाळून माझ्याच दिशेनं आलं. मी कुठल्या झाडावर चढलो ते मला आजपर्यंत सापडलेलं नाही, कारण त्या बांधावर झाड नव्हतंच. तीस पावलं धावून ते गुडघ्यांवर आलं, तोंड मातीत घातलं आणि लोळलं.

गाव धावत आलं. बाया, म्हातारे, कुत्री, सगळे ओरडत. पाटील आनंदानं डुकराच्या पोटावर थापा मारत होता.

"कुनाचा? कुनाचा घाव?"

डुकराच्या डाव्या कुशीत भोक. उजव्या कुशीत भोक. बाण कुठंच नाही.

"गोळी आहे," त्र्यंबकराव माळ्यावरून उतरत म्हणाले. "आरपार. बाण असता तर अंगात नसता राहिला?"

काळुराम चिखलात उभा होता. "माजा बान पार गेला," तो म्हणाला. "भातात पडलाय. शोधू द्या."

"भातात?" पाटील उसळला. "पिकल्या भातात पंचवीस मानसं नाचनार? दाना झडंल सगळा! एक पाय घालायचा नाय कोनी!"

"रीत काय सांगते?" त्र्यंबकराव म्हणाले. "अंगात बाण नाही तर घाव नाही."

झाली की नाही गंमत? बाण हलका होता तेव्हा अंगात राहून अब्रू घालवत होता. आता इतका चांगला चालला, की गेलाच. रंगूबाईच्या ओठांवर दात रुतलेले मला दिसले. पाटलाचा गडी तर खोपट्याकडं बघायलाही लागला होता, वासे किती निघतील म्हणून.

तेव्हा मी बोललो. तोंड माझं पहिल्यापासून वाईट.

"पाटील, डुक्कर इथंच आहे, दोघंही इथंच आहेत. बांधाला टेकवून उभं करा. दोघांनी पंधरा पावलांवरून मारावं. ज्याचं पार जाईल त्याचं ते भोक."

पाटलाला हे फार आवडलं. सगळ्यांनाच आवडलं, फुकटचा तमाशा. डुकराला दोन मेढींच्या मध्ये बांधून बांधासमोर ठेवलं. त्र्यंबकरावांनी दारू ठासली, शिसं ठासलं, बूट रोवले. धडाड! गोळी खांद्यात गेली. लोक पलीकडं धावले. कातडी नुसती टेंगळासारखी फुगलेली. गोळी आतच!

"दारू दमट होती," त्र्यंबकराव म्हणाले. पण आवाज बुटात गेला होता.

"काळू, मार आता!"

काळुरामनं हात पसरले. "एकच होता तसला बान. भातात हाय."

मी कमरेचं फडकं सोडलं आणि दुसरं पातं पुढं केलं. असा ओरडा झाला! कोणी बांबूची कांडी आणली, कोणी विस्तव, कोणी लाख, कोणी खोपट्यातली उरलेली पिसं. काळुराम सगळ्यांसमोर बसला. पातं त्यानं चोख बसवलं. मग पिसं घेतली. चिखल सुकून बोटं तडकलेली. पहिलं पीस फाटलं. दुसरं बसलं. तिसरं त्यानं उचललं आणि रंगूबाई गर्दीतून एक पाऊल पुढं आली. मलाही दिसलं. डाव्या पंखाचं होतं.

तिनं तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. तसाच बांधला असता तर बाण अंग झटकत गेला असता, आणि खोपटं गेलं असतं, पण घरातली गोष्ट घरात राहिली असती. काळुरामनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग पिसाकडं. ते त्यानं खाली ठेवलं.

"रंगू," तो मोठ्यानं म्हणाला, "हिकडं ये. तू बांध."

गर्दीत एकच कुजबुज उठली.

"पयला पन तिनंच बांधला होता," काळुराम पाटलाकडं न बघता म्हणाला. "जड करायची अक्कल तिची. पिसं तिची. मी नुसता ओढला."

ठाकरांतला एक म्हातारा हातातली काठी आपटत उठला, "बाईचा हात! बान आंधळा होनार!"

"मंग बगू ना आंधळा होतो का," रंगूबाई म्हणाली, आणि बसली.

मी पुष्कळ कारागीर पाहिलेत. कल्याणचे सोनार पाहिलेत. पण त्या सकाळी पन्नास माणसांच्या श्वासात त्या बाईची बोटं चालली तशी कोणाची पाहिली नाहीत. दातांनी तात ओढली, अंगठ्यानं पीस दाबलं, फुंकर मारून लाख बसवली. एक, दोन, तीन. बाण तळहातावर तोलला, पात्याकडं किंचित कलला, तशी हुं म्हणाली आणि नवऱ्याच्या हातात दिला. पन्नास माणसांसमोर, हातातून हातात.

काळुराम पंधरा पावलांवर उभा राहिला. दोरी कानापर्यंत ओढली.

घूं... फट्!

डुक्कर हललंसुद्धा नाही. पलीकडं बांधातून मातीचं ढेकूळ उडालं. लोक धावले, एकमेकांच्या अंगावर पडले. डाव्या कुशीत भोक, उजव्या कुशीत भोक, पहिल्यासारखंच, सुरीनं कापल्यासारखं. आणि बांधात, कडक वाळलेल्या मातीत, दोन हात लांब बाणाची नुसती पिसं बाहेर!

"बाईचा हात लागलाय," त्र्यंबकराव म्हणाले. "तुमच्याच रीतीप्रमाणे बाण बाद."

सगळे पाटलाकडं वळले. पाटील पिवळ्या खाचराकडं बघत होता.

"त्र्यंबकराव," तो म्हणाला, "भाताला काय कळतंय, पीस कोनी बांधला? रीत घराची हाय. मानसाची नाय. ती काय दुसऱ्या घरातली हाय काय? राखन ह्या घराची."

जो आरडाओरडा झाला, तो मलंगगडावर ऐकू गेला असणार. काळुराम खाली बसला आणि पायाच्या जळवा काढायला लागला, जणू आत्ता लागल्या. पाटील खुशीत बांधाकडं गेला. स्वतःच्या हातानं बाण काढायचा होता त्याला. दोन्ही हातांनी पिसं धरून ओढायला वाकला.

"पाटील!" रंगूबाईचा आवाज असा फुटला की पाटलाचे हात हवेतच राहिले. "पिसांना धरून ओढू नका. मोडतील. माती उकरा."

पाटलानं तिच्याकडं पाहिलं. बांध म्हणजे पाटलाचा जीव. त्याच्या बांधावर बकरीनं पाय ठेवला तरी तो शिव्या द्यायचा.

त्यानं धोतर खोचलं, गड्याच्या हातातली कुदळ घेतली आणि आपल्याच बांधाला पहिला घाव घातला.

"हळू," रंगूबाई म्हणाली. "अजून खाली."